मुक्काम क्रमांक तीन

खण्ण! लाडवाच्या डब्याचं झाकण हातातून निसटलं, फरशीवर गोल गोल फिरत फ्रिजपाशी गेलं आणि तिथं थरथरून आडवं झालं. सकाळचे सहा वाजत होते. तळेगावातलं ते दोन खोल्यांचं घर इतकं गाढ झोपलं होतं, की हा आवाज स्टेशनापर्यंत गेला असेल असंच चंद्रिकाला वाटलं. श्वास रोखून ती ओट्यापाशी उभी राहिली. पण व्हायचं ते झालंच. दारात सहा वर्षांची ऋचा उभी, केस विस्कटलेले आणि डोळे टक्क उघडे.

"आई, तू मला न सांगता चाललीस?"

चंद्रिका खरोखरच न सांगता चालली होती.

जायचं कारण मात्र मोठं होतं. लोणावळ्याहून निघून सह्याद्रीच्या माथ्यावरून भीमाशंकरपर्यंत चार दिवसांची पायवाट आहे. हौशी मंडळी वाट्टेल तिथं तंबू ठोकत, झाडांना खिळे मारत, झऱ्यातच भांडी घासत, म्हणून वाटेवरची गावं वैतागली होती. चंद्रिकाच्या डोंगरभटक्या गटानं ठरवलं, की या वाटेवर मुक्कामाच्या जागा ठरवून द्यायच्या आणि राहायचे नियम लिहायचे. ते लिहायचं काम चंद्रिकाकडे आलं. डबा भरता भरता, पोरगी झोपल्यावर, कधी कुकर होईपर्यंतच्या दहा मिनिटांत तिनं अकरा नियम लिहिले. झाडाला झोपायची झोळी बांधायची ती चार बोटं रुंद पट्ट्यानंच, दोरीनं कधीच नाही. खोड मांडीपेक्षा बारीक नको. बांधण्याआधी वर बघायचं, वाळकी फांदी किंवा मोहोळ असेल तर दुसरं झाड. पाण्यापासून सत्तर पावलं लांब. वीज चमकत असेल तर उघड्या पठारावर थांबायचं नाही. आणि अकरावा नियम असा, की गावाला विचारल्याशिवाय मुक्काम नाही.

पहिल्या दोन जागा पक्क्या झाल्या होत्या. तिसरी राहिली होती, आणि तिच्यावाचून सगळी वाट अडली होती. आज ती जागा बघायची, उद्या रविवारी दहा वाजता पायथ्याच्या उंबरवाडीच्या देवळात सभा. गाव हो म्हणालं तर वाट उघडणार. ऋचा झाल्यापासूनच्या सहा वर्षांत चंद्रिकानं एवढं स्वतःचं असं दुसरं काही केलं नव्हतं.

"मला अकराच्या अकरा नियम पाठ आहेत," ऋचा म्हणाली. "मी पण येणार!"

चंद्रिकाचा नवरा धवल डोळे चोळत मागून आला. "ने की. आभाळ स्वच्छ आहे, वाट दाखवायला उंबरवाडीचे आबा बरोबर आहेत. आणि नियम लिहिणारी बाईच सोबत म्हटल्यावर पोरीला कसली भीती?"

सॅकमधून चार वस्तू बाहेर निघाल्या, ऋचाची चादर आणि रेनकोट आत गेला. खाली गौरवनं गाडीचा हॉर्न वाजवला आणि मायलेकी पळत सुटल्या.

गौरव गटातलाच, लोणावळ्याच्या मंडपवाल्यांचा मुलगा. लग्नाचे मांडव घालता घालता गाठी मारायला शिकलेला, आणि बोलायला त्याहून आधी. टाकवे बुद्रुक मागं पडलं, धरणाचं पाणी उजवीकडून सोबतीला आलं आणि पाण्याच्या शेवटाला उंबरवाडी लागली. भिमाजी आबा अंगणात तयारच होते. साठी उलटलेली, काटक शरीर, हातात काठी.

"ह्या पावण्या कोन?" त्यांनी ऋचाकडे बघत विचारलं.

"मी ऋचा. मी नियम तपासायला आलीये."

"आरं बापरे! मंग आमची काय खैर न्हाई," आबा म्हणाले आणि हसत चालू लागले.

वाट नाळेतून वर चढत होती. दोन डोंगरांच्या बेचक्यात दगडगोट्यांनी भरलेली ती अरुंद उतरण, पावसाळ्यात तिचा ओढा होतो. आता ऑक्टोबरात तिच्या तळाशी बोटभर पाणी झुळझुळत होतं. दोन तासांनी ते माथ्यावर आले आणि ऋचा ओरडलीच. सगळं पठार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलं होतं, त्यात गुडघ्याएवढं गवत लवत होतं, आणि पश्चिमेला कड्याखाली कोकण धुरकट निळं पसरलं होतं. चंद्रिकानं डोळे मिटून तो वारा पोटभर आत घेतला. सहा वर्षं तिनं असा वारा घेतला नव्हता.

मग तिनं फोन काढला. नकाशात पठाराच्या उत्तर टोकाला हिरव्या झाडीचा एक गर्द ठिपका होता. मोठी झाडं, सपाट जमीन, सत्तर पावलांवर झरा. मुक्काम क्रमांक तीन! महिन्यापूर्वी आबांच्या अंगणात बसून तिनं हाच ठिपका त्यांना दाखवला होता. "इथं मुक्काम चालेल ना, आबा?" आबांनी बराच वेळ फोनकडे बघितलं होतं. तंबाखू मळली होती. चहा आणायला आत हाक मारली होती. आणि मग म्हणाले होते, "बगू."

चंद्रिकानं घरी येऊन वहीत लिहिलं होतं, 'गावाशी बोलणं झालं. होकार.'

"आबा, तिकडे जाऊ या ना," ती आता म्हणाली.

"जाऊ की. आदी ह्यो कडा बगा. हितनं नाणेमावळ दिसतंय."

कडा बघून झाला. दुपारची भाकरी झाली. तिनं पुन्हा विषय काढला, तेव्हा आबा झऱ्याचं उगमस्थान दाखवायला निघाले. तेही बघून झालं.

"आबा आज गाइड नाहीत, टूरवाले झालेत," गौरव कुजबुजला.

चंद्रिका चिडली. उद्या सभा, आणि हा माणूस कडा काय दाखवतो, पाणी काय दाखवतो!

साडेतीनच्या सुमारास पूर्वेकडे गडगडलं. त्यांनी वळून बघितलं. परतीचा पाऊस! शिळेसारखं काळं आभाळ पठारावर सरकत येत होतं, त्याच्या पोटात विजा लवलवत होत्या. सकाळचं स्वच्छ आभाळ बघता बघता निम्मं झालं.

"वीज चमकत असेल तर उघड्या पठारावर थांबायचं नाही," ऋचानं घाईघाईनं म्हटलं आणि आईचा हात घट्ट धरला.

"चला, नाळंच्या तोंडाला कपार हाय," आबा म्हणाले. "गुराखी तितंच बसत्यात. अर्ध्या तासात पोचू."

"अर्धा तास? उघड्यावरून?" चंद्रिकानं बोट दाखवलं. "ती झाडी पाच मिनिटांवर आहे!"

आबा काहीतरी बोलणार होते. ओठ हललेसुद्धा. पण तेवढ्यात वीज कडाडली, पायाखालची जमीन हादरली आणि चंद्रिका ऋचाला उचलून पळत सुटली. पोरीसाठी पळतेय, असं ती स्वतःला सांगत होती. ते खोटं नव्हतं. पण पळताना तिच्या मनात 'जागा बघूनही होईल' हेही आलं होतं, हे तिचं तिलाच ठाऊक.

पाऊस कोसळला! झाडीच्या तोंडाशी ती पोचली तेव्हा चौघंही निथळत होती. तिनं मागं वळून बघितलं. एवढ्या पावसात, एवढ्या विजांत, भिमाजी आबा वाकले होते आणि पायातल्या चपला काढून एका दगडावर ठेवत होते.

एक क्षण. तेवढ्यात तिला सगळं कळलं. ही देवाची झाडी होती. गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेली देवराई, जिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. आबांचं 'बगू' म्हणजे काय, तेही कळलं. घरी आलेल्या पाहुणीला तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही, म्हणून ते 'बगू' होतं.

आणि कळल्यावर चंद्रिकानं काय केलं? तिनं नजर वळवली. न कळल्यासारखं केलं. बूट घालूनच ती आत गेली.

आत अंधारून आलं होतं. चार जणांच्या कवेत न मावणारे बुंधे, त्यांवर हातभर जाड वेली. एका झाडाच्या मुळाशी शेंदूर लावलेला दगड होता. तिनं तिकडेही बघितलं नाही. जमिनीवरून पाण्याचे लोट वाहायला लागले होते आणि ऋचाचे दात वाजत होते.

"झोळी बांधू. पोरीला वर ठेवू, निदान कोरडी राहील." तिनं सॅक उपसली. झोळी निघाली, ताडपत्री निघाली. पट्टे निघेनात.

"ताई, पट्टे कुठायत?" गौरवनं विचारलं.

पट्टे तळेगावात पलंगावर होते. चादरीला जागा करताना तिनंच काढून ठेवले होते.

"माझे घे," गौरव म्हणाला.

"तुझे ताडपत्रीला लागतील. माझ्याकडे दोरी आहे ना." तिनं बोटाएवढी नायलॉनची दोरी बाहेर ओढली.

"ताई, आमच्या मांडवात झाडाला नायलॉन लावायची वेळ आली तर खाली पोतं घालतो आम्ही. माझा बाप कान धरतो नाहीतर!"

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, गौरव!"

आबा थोडे लांब उभे होते, अनवाणी, हात जोडल्यासारखे छातीशी धरून.

"आई, पहिला नियम..." ऋचा म्हणाली.

"गप्प बस गं जरा!"

दोरी दोन झाडांना आवळली गेली. ऋचा झोळीत गेली, वर ताडपत्री ताणली गेली, आणि काय सांगावं, दिसायला ते दृश्य इतकं देखणं होतं! हिरव्या अंधारात केशरी झोळी, तिच्यातून डोकावणारी पोर. उद्याच्या सभेत दाखवायला फोटो हवाच होता. चंद्रिकानं फोन काढला. चौकटीत नीट मावेना म्हणून ती एक पाऊल मागं गेली. अजून एक. तिची नजर पडद्यावर होती. वर तिनं बघितलंच नव्हतं.

कडाड्!

वीज वाटली. वीज नव्हती, फांदी होती! वादळानं वरची वाळकी फांदी मोडली होती. ती खालच्या फांद्यांवर आदळत, थांबत, पुन्हा सुटत येत होती.

"ऋचा!"

चंद्रिका चार पावलं लांब होती. चारच! पण चिखलात पाय रुतला. ताडपत्री फाटली. झोळीची एक बाजू तुटून खाली आली. ऋचा जमिनीवर आपटली आणि उठेना, पाय कापडात अडकला होता. तेवढ्यात आबा झेपावले! त्यांनी पोरीला काखोटीला धरून ओढलं, फेकलंच जवळजवळ. धप्प! फांदी पडली. ऋचा बाहेर होती. आबांचा उजवा हात फांदीखाली होता.

गौरवनं खांदा लावला. चंद्रिकानं दुसरीकडून रेटा दिला. फांदी हलली, आबांनी हात काढला. मनगटाच्या वर तो वेडावाकडा वाकला होता. आबांनी ओठ चावला, पण पहिला शब्द निघाला तो, "पोरीला लागलं का?"

पोरीला लागलं नव्हतं. चंद्रिकानं तिला छातीशी धरलं होतं.

गौरवनं आबांच्या काठीचे दोन तुकडे केले, हाताला दोन बाजूंनी लावले आणि ताडपत्रीचा आपला चार बोटं रुंद पट्टा सोडवून वर गुंडाळला. ज्या पट्ट्यांचं महत्त्व ती सगळ्या महाराष्ट्राला समजावणार होती, त्यातला एक आता असा कामी आला होता.

अर्ध्या तासानं विजा दूर गेल्या, पण खरी परीक्षा पुढंच होती. सकाळी बोटभर असलेलं नाळेतलं पाणी आता मांडीला लागत होतं. तांबडं, फेसाळतं, दगड लोटत येणारं! एका ठिकाणी ते ओलांडणं भाग होतं. दोरी? दोरी वर झाडावरच राहिली होती. मागं जायला उजेड नव्हता. उरलेला एक पट्टा गौरवनं खडकाला अडकवला आणि दुसरं टोक धरून तो पाण्यात उतरला.

"डावीकडनं!" आबा ओरडले. "उजव्या अंगाला डोह हाय!"

गौरव डावीकडे सरला. पोचला. मग चंद्रिका. पाठीवर ऋचा, हातात पट्टा. पाण्यानं गुडघ्याला धडक दिली. तिचा पाय सुटला! गळ्याभोवतीचे इवले हात आवळले. तिनं पट्टा सोडला नाही. एक पाऊल. थांब. अजून एक. गौरवनं कॉलर धरून दोघींना वर खेचलं. मग पट्ट्याचं टोक चंद्रिकाच्या हाती देऊन तो पुन्हा उतरला आणि एका हातानं पट्टा धरलेल्या आबांना कमरेत कवळून घेऊन आला.

दिवेलागणीला चौघं उंबरवाडीत पोचली. गावातल्या जीपनं आबांना टाकव्याला नेऊन हात प्लास्टरमध्ये घालून आणलं. चंद्रिका आणि ऋचा आबांच्याच घरी झोपल्या. सूनबाईनं गरम भात वाढला. चंद्रिकानं आपला भात ऋचाच्या पानात सारला.

रविवारी दहा वाजता देवळाचा मंडप भरला. मधोमध धोंडाबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं, आणि त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे.

"भिमाजी, हात कशानं मोडला रं?"

आबांनी चंद्रिकाकडे बघितलंसुद्धा नाही. "नाळंत घसरलो. वय झालं आता, दुसरं काय."

"म्हातारपणी उड्या मारतोय," कुणीतरी म्हणालं आणि मंडप हसला. आबाही हसले.

"हां, वाचा बाई तुमचे नियम," धोंडाबाई म्हणाल्या.

चंद्रिका उभी राहिली. वाचू लागली. पहिला नियम, दुसरा, तिसरा. लोक माना डोलवत होते. "बराबर लिवलंय पोरीनं," मागून आवाज आला. "असं वागतील तर येऊ द्या की." एवढ्यावर सगळं मिळणार होतं. फक्त वाचत राहायचं होतं. समोर ऋचा मांडी घालून बसली होती आणि ओठ हलवत तिच्यासोबत प्रत्येक नियम म्हणत होती. आईनं चुकू नये म्हणून.

अकराव्या नियमापाशी चंद्रिकाचा आवाज थांबला. तिनं कागद खाली घेतला.

"आबा घसरले नाहीत," ती म्हणाली.

मंडपातल्या माना वर झाल्या.

"आबा घसरले नाहीत. वरच्या झाडीत माझ्या पोरीला वाचवताना त्यांच्या हातावर फांदी पडली. ती देवराई आहे हे मला आधी माहीत नव्हतं. पण दारात आबांनी चपला काढल्या तेव्हा कळलं होतं. कळूनही मी बूट घालून आत गेले. झाडाला दोरी बांधली. वर बघितलं नाही. मी फोटो काढत होते." ती थांबली. "हे जे नियम वाचले, ते मी लिहिलेत. आणि मीच मोडलेत."

गौरव खाली बघत होता. आबांनी धरलेला श्वास सोडला.

"ताई, कशाला वो," ते हळूच म्हणाले. "मिटलं हुतं की."

"नाही मिटलं, आबा." तिनं नकाशा उघडला, पेनानं तिसऱ्या जागेवर काट मारली. "ही जागा राहू दे. वाट उघडली नाही तरी चालेल. मी गटाला तसं सांगते."

धोंडाबाईंनी नकाशा हातात घेतला, काट बघितली आणि परत दिला. रागावतील, ओरडतील, असं चंद्रिकाला वाटत होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुढल्या साली बगू," धोंडाबाई म्हणाल्या.

चंद्रिकानं मान डोलावली. या वेळी तिला शब्द बरोबर कळला.

"आन् ती दोरी? सोडली का झाडाची?"

"नाही. तशीच राहिली."

"मंग चला," धोंडाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "त्या झाडाला कशापायी ताटकळत ठेवायचं?"

नाळेतलं पाणी रातोरात ओसरलं होतं. धोंडाबाई पुढं, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेले आबा मागं, कुणाचं न ऐकता आलेले. दुपारी ते झाडीपाशी पोचले. चंद्रिकानं बूट काढले, ऋचाचे काढले, दोन्ही जोड दगडावर ठेवले. ओल्या पाचोळ्याचा गारवा तळपायांना लागला.

दोरी खोडात रुतून बसली होती. ओली गाठ सुटेना. आबांनी कोयता पुढं केला, पण तिनं नको म्हटलं. नखं दुखेपर्यंत ती गाठ उकलत राहिली. शेवटी दोरी निघाली. फांदीच्या हिसक्यानं सालीत खोल वळ उमटला होता, त्यातून पांढरट चीक पाझरत होता. धोंडाबाईंनी फडक्यातून शेणमातीचा गोळा काढून तिच्या हातात दिला.

"भर त्येच्यात. हलक्या हातानं. पोराच्या जखमंला लावती तसं."

चंद्रिका लावू लागली. ऋचाही शेजारी उभी राहून, जीभ बाहेर काढून, इवल्या बोटांनी माती सारवत होती. मग ऋचानं मागं वळून आबांकडे बघितलं. ते लांब होते, ऐकू जाणार नाही एवढे. तरी तिनं आवाज खाली आणला.

"आई, आबा जर सरळ 'नको' म्हणाले असते, तर तू ऐकलं असतंस?"

चंद्रिकाचा हात त्या वळावरच थांबला.